हॅरोहून पत्र : इतिहासाच्या संस्थेला खजिनदार हवा आहे

हॅरो, लंडन



इथल्या राजकीय निवडणुकांविषयी ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या वर्तमानपत्रांत पुष्कळ छापून येते. आज मी ज्या निवडणुकीविषयी लिहिते आहे तिची बातमी मात्र इथल्या स्थानिक पेपरांतही सहसा येत नाही. ‘लंडन अँड मिडलसेक्स आर्किऑलॉजिकल सोसायटी’ ही १८५५ साली निघालेली संस्था. तिची वार्षिक सर्वसाधारण सभा बहुधा फेब्रुवारीत भरते. सभेच्या सूचनेबरोबर सभासदांना एक विनंती येते : अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, संपादक आणि कार्यकारिणीसाठी नावे सुचवा. आपल्याकडच्या कुठल्याही वाचनालयाच्या सूचनेत असतो तसाच हा मजकूर. पण या पदांसाठी कोण उभे राहते, त्यांच्याकडून काय अपेक्षा असते आणि निवडून आल्यावर ते काय करतात, हे बघितले की या देशाचा एक फारसा न दिसणारा गुण समजतो. ठाण्या-कल्याणला त्याची आज फार गरज आहे, म्हणून हे पत्र.

आधी त्या ‘मिडलसेक्स’विषयी. हॅरो, शेजारचे वेम्ब्ली, पलीकडचे ईलिंग आणि हाउन्स्लो, म्हणजे लंडनमधली पुष्कळ मराठी घरे जिथे आहेत तो पट्टा, हा जुना मिडलसेक्स परगणा. १९६५ साली बृहन्लंडनची रचना झाली आणि कारभाराच्या नकाशावरून मिडलसेक्स पुसले गेले. संस्थेने नाव बदलले नाही. ठाणेकरांना यातले मर्म पटकन कळेल. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि सोपारा ठाणे जिल्ह्यातून गेले. पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये तिथला स्तूप खणला, त्यातून निघालेला करंडक आणि मूर्ती आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. ज्या बंदरपट्टीने सोपारा, कल्याण आणि ठाणे एकत्र बांधले होते ती काही जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीला विचारून घडली नव्हती. म्हणून प्रदेशाची संस्था लागते. जिल्हे फुटले तरी तिने जुन्या भूगोलाशी इमान राखायचे असते.

आता उमेदवारांकडे येते. अशा संस्थांत साधारण रीत अशी की उमेदवाराला सूचक आणि अनुमोदक लागतो, त्याची लेखी संमती लागते, आणि बऱ्याच ठिकाणी थोडक्यात स्वतःची माहिती द्यावी लागते. ती वाचण्यासारखी असते. निवृत्त शाळामास्तर असतो, नगररचना खात्यात आयुष्य गेलेली बाई असते, उत्खननाच्या कंपनीत नोकरी करणारा तरुण असतो, हिशेबतपासनीस असतो. पदव्यांची यादी सहसा छोटी असते. भर असतो तो आधी कुठल्या समितीत काय काम केले आणि पुढे काय करायची तयारी आहे, यावर. ‘इतिहासाची आवड’ एवढ्यावर कुणी उभे राहत नाही, कारण ती सगळ्याच सभासदांना असते.

याच्या मुळाशी कायदा आहे. इंग्लंडमधल्या बहुतेक अशा संस्था नोंदणीकृत धर्मादाय संस्था आहेत, आणि कार्यकारिणीतले लोक कायद्याने विश्वस्त ठरतात. त्यांना सहसा मानधन नसते. दिवाळखोर किंवा अप्रामाणिकपणाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाला हे पद घेता येत नाही. स्वतःचा किंवा नातलगाचा हितसंबंध गुंतला असेल तर तो आधी सांगावा लागतो. उत्खननाच्या कंपनीतला माणूस समितीवर असला आणि त्याच कंपनीच्या कामाचा विषय निघाला, तर तो त्या चर्चेतून बाजूला होतो. आर्थिक वर्ष संपल्यापासून दहा महिन्यांच्या आत वार्षिक माहिती धर्मादाय आयोगाकडे जाते, आणि विश्वस्तांची नावे व जमाखर्च घरबसल्या कुणालाही पाहता येतात. एकाच माणसाने वर्षानुवर्षे खुर्ची धरून ठेवू नये, म्हणून नऊ वर्षांनंतर थांबावे असा संकेत या क्षेत्राच्या आचारसंहितेत आहे. तो कायदा नव्हे, आणि सगळे पाळतात असेही नाही. पण न पाळणाऱ्याने कारण सांगावे अशी अपेक्षा असते.

हे सगळे इतके का जपायचे? संस्थेच्या हातात काय असते ते पाहिले की उत्तर मिळते. मिडलसेक्सच्या या संस्थेची एक समिती जुन्या इमारतींविषयी महापालिकांकडे आलेले बांधकामाचे अर्ज वाचते आणि हरकती नोंदवते. हे काम कंटाळवाणे आहे. नकाशे, जोती, खिडक्यांची मापे, तळघराची खोली. कुणी टाळ्या वाजवत नाही. मात्र या समितीवर चांगला माणूस आला नाही तर एखादी इमारत गुपचूप पडते, आणि पडल्यावर शोकसभा घेऊन काहीच परत येत नाही.

संपादकाचे पदही तसेच. उत्खननाचा अहवाल छापला नाही तर ते उत्खनन म्हणजे नुसती नासधूस, ही शिस्त या देशाने कष्टाने अंगी बाणवली. पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर तिचे मोठे पुरस्कर्ते. १९४४ ते १९४८ ते आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते. त्याआधी डॉर्सेटमधल्या मेडन कॅसल या टेकडीवरच्या प्राचीन किल्ल्याच्या त्यांच्या उत्खननात हसमुख सांकळिया शिकले, आणि मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्यांनी महाराष्ट्राचे पुरातत्त्व उभे केले. नेवासे, जोर्वे, इनामगाव ही नावे त्या परंपरेतली. म्हणजे इंग्लंडमधल्या एका टेकडीवरच्या शिस्तीचा धागा थेट आपल्या गोदावरी-प्रवरेपर्यंत पोचलेला आहे. ती शिस्त आपल्याला परकी नाही.

१९८९ ची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. थेम्सच्या दक्षिण काठावर कचेऱ्यांच्या इमारतीसाठी खणताना ‘रोझ’ नाट्यगृहाचे अवशेष निघाले. शेक्सपिअरच्या काळातले हे नाट्यगृह. बांधकाम पुढे रेटायची तयारी सुरू होती. तेव्हा नट, विद्यार्थी, पुरातत्त्वज्ञ आणि सामान्य लंडनकर रस्त्यावर उतरले. अवशेष इमारतीखाली जपले गेले. या प्रकरणाने सरकारला इतके हलवले की नोव्हेंबर १९९० मध्ये नगररचनेचे मार्गदर्शक तत्त्व आले : बांधकामाने जमिनीखालचा इतिहास जात असेल तर त्याची तपासणी आणि नोंद आधी झाली पाहिजे, आणि तिचा खर्च बांधकाम करणाऱ्याने उचलला पाहिजे. पुढे नियमांची नावे बदलली, तत्त्व राहिले.

त्याचे फळ किती मोठे! शहराच्या मध्यभागी ब्लूमबर्ग कंपनीच्या नव्या इमारतीच्या जागी उत्खनन झाले तेव्हा रोमन काळातल्या लाकडी लेखनपट्ट्या चारशेच्या वर निघाल्या. एका पट्टीवर तारीख आहे ८ जानेवारी, इसवी सन ५७. टिबुलस नावाच्या माणसाने ग्रेटसला मालापोटी १०५ दिनार देणे लागतो असे लिहून दिले आहे. हे वाचताना मला कान्हेरीची लेणी आठवली. तिथल्या लेखांत कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके दिल्याची नोंद आहे, कल्याणच्या व्यापाऱ्यांचीही दाने आहेत. कल्याणचे नाव ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक सागरी व्यापाराच्या पुस्तकात येते, म्हणजे हे बंदर रोमन जगाला माहीत होते. मग त्या सोनाराच्या गावात जमिनीखाली काय आहे? तिथे पाया खणताना बघायला कोण उभे असते?

इंग्लंडची सगळी बाजू उजळ दाखवली तर तुमची फसवणूक होईल. बऱ्याच पदांवर निवड बिनविरोध होते, कारण दुसरा उमेदवारच मिळत नाही. सभेत पांढरे केस जास्त आणि गोरे चेहरे त्याहून जास्त. हॅरोत राहणारी माझी मराठी मंडळी गणपती आणि दिवाळीला एकत्र येतात, पण आपण ज्या जमिनीवर राहतो तिच्या इतिहासाच्या संस्थेत सभासद होण्याचे आमच्या मनात येत नाही. हे मला खटकते. लंडनच्या ‘सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज’चा इतिहास १७०७ पासूनचा. तिथे बायकांना फेलो होता आले ते १९१९ च्या कायद्यानंतरच, आणि पहिली स्त्री-अध्यक्ष जोन इव्हान्स १९५९ मध्ये झाली. दार उघडायला दोनशे वर्षे लागली. तेव्हा उमेदवार मिळत नाहीत असे कुणी म्हणाले की आधी विचारावे, बोलावले कुणाला होते?

आता तुमच्याकडे वळते, कारण हे सगळे त्यासाठीच लिहिले. ठाण्यात १७८७ साली खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट सापडला, शके ९३९ चा, म्हणजे इसवी सन १०१७ चा. कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात त्याचे भाषांतर छापले गेले. भारतीय पुरालेखविद्येच्या अगदी सुरुवातीच्या प्रकाशनांत ठाण्याचे नाव आहे, ही साधी गोष्ट नव्हे. अंबरनाथच्या शिवमंदिरावर शके ९८२ चा लेख आहे. लोनाडला लेणे आहे, शिलाहारांचे शिलालेख आहेत. वीरांच्या स्मृतीचे वीरगळ आणि दान मोडणाऱ्याला शाप देणारे गद्धेगाळ गावोगावच्या वेशीवर, देवळाच्या आवारात, कुठे रस्त्याच्या कडेला पडले आहेत. आणि याच पट्ट्यात आज जुन्या इमारतींचा पुनर्विकास चालू आहे, ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे खांब रोवले जात आहेत. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत नियंत्रण. पण जिच्याखाली काय दडले आहे याची नोंदच नाही, त्या जमिनीला या नियमाचा काय उपयोग?

माणसे नाहीत असे मुळीच नाही. कोकण इतिहास परिषद ठाण्यातून काम करते. ‘असे घडले ठाणे’ लिहिणारे डॉ. दाऊद दळवी तिचे अध्यक्ष होते. सदाशिव टेटविलकरांनी वीरगळांसाठी आणि किल्ल्यांसाठी किती पायपीट केली हे ठाणेकर जाणतात. डॉ. विजय बेडेकरांची प्राच्यविद्या अभ्यास संस्था आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. या माणसांविषयी आणि संस्थांविषयी माझ्या मनात निखळ कृतज्ञता आहे. माझे म्हणणे एवढेच की प्रदेशाचा इतिहास चार-सहा जणांच्या तळमळीवर टांगून ठेवणे अन्यायाचे आहे, त्यांच्यावरही आणि इतिहासावरही. संस्थापक वि. का. राजवाडे मतभेदांमुळे भारत इतिहास संशोधक मंडळापासून दूर झाले तरी १९१० साली निघालेले ते मंडळ चालत राहिले, कारण दफ्तर सांभाळणारी, छापणारी, हिशेब ठेवणारी माणसे मागे होती. मोठ्या माणसानंतर संस्था टिकते ती अशांमुळे.

आपल्याकडे ‘सर्वानुमते निवड’ हा शब्द मानाचा समजला जातो. मला तो पुरेसा वाटत नाही. वाद टाळायला तो बरा, पण त्यात उमेदवाराला काही सांगावे लागत नाही आणि सभासदाला काही विचारता येत नाही. कायदा आपल्याकडेही आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चा, आणि विश्वस्त बदलले की धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज द्यावाच लागतो. कायदा कागद मागतो, उमेदवाराकडून कामाचे वचन मागायचे ते सभासदांनी. अध्यक्षपदासाठी उभे राहणाऱ्याने लिहून द्यावे की तीन वर्षांत कुठल्या तालुक्यातल्या वीरगळांची छायाचित्रांसह यादी पुरी होईल. चिटणीसाने सांगावे की महापालिकेत आलेल्या बांधकाम प्रस्तावांवर नजर कोण ठेवणार. संपादकाने सांगावे की अधिवेशनात वाचलेले निबंध किती महिन्यांत छापून येतील. बोलण्यात फुलोरा नसला तरी चालेल.

आणि उमेदवार म्हणून फक्त प्राध्यापकच हवेत असेही नाही. डोंबिवलीत बँकेतून निवृत्त झालेली माणसे घरटी सापडतात. त्यांच्यापेक्षा चांगला खजिनदार कुठे मिळणार? ठाण्यात स्थापत्य अभियंते आहेत ज्यांना बांधकामाचे नकाशे वाचता येतात. आगरी-कोळी गावांतल्या तरुणांना गावदेवीच्या मागचा कोरीव दगड कुठे आहे हे कुठल्याही संशोधकाआधी माहीत असते, पण कार्यकारिणीच्या यादीत त्यांची नावे मला क्वचित दिसतात. तीच नावे आधी यायला हवीत. कल्याणच्या खाडीकाठच्या जुन्या मुस्लिम वस्तीतल्या, वसई-ठाण्याच्या ख्रिस्ती घरांतल्या माणसांचीही यायला हवीत, कारण हे बंदर त्यांचेही आहे.

तुमच्या गावातल्या इतिहासाच्या संस्थेची वार्षिक सभेची सूचना यंदा आली तर तिला जा. सभासद नसाल तर आधी व्हा. उभ्या असलेल्या प्रत्येक उमेदवाराला विचारा, येत्या वर्षात तुम्ही नेमके काय करणार. आणि खजिनदाराची जागा रिकामी असेल, बहुधा असतेच, तर सूचक-अनुमोदक शोधून आपला अर्ज भरा.