चित्रकार आणि त्याची स्त्री-प्रेक्षक

कलावंत आणि रसिक यांच्या नात्याची चर्चा आपल्याकडे बहुधा पुरुष गृहीत धरूनच झाली. रसिक म्हणजे निवांत वेळ असलेला, चार पुस्तके वाचलेला गृहस्थ. या व्याख्येत कष्टकरी स्त्रीला जागा नाही. तरीही चित्रकाराला सर्वांत परखड प्रश्न विचारते ती हीच स्त्री. ती कोठे भेटते आणि काय विचारते, हे समजून घेणे आपल्या कलाविचारासाठी अगत्याचे आहे.

आजकाल चित्रकथांचे मोठे मेळे भरतात. अमेरिकेत सॅन डिएगो येथे १९७० पासून, फ्रान्समध्ये अंगुलेम येथे १९७४ पासून आणि दिल्लीत ‘कॉमिक कॉन’ या नावाने २०११ पासून. तेथे चित्रकार टेबल मांडून बसतो, चित्रे विकतो, स्वाक्षरी देतो. चाहते आवडत्या पात्राचा वेष करून येतात. परंतु या मेळ्यांत स्त्री दीर्घकाळ परकीच राहिली. वेष करून आलेल्या मुलींची छेड काढली जाते म्हणून न्यूयॉर्कच्या मेळ्यात २०१४ साली ‘वेष म्हणजे संमती नव्हे’ अशा आशयाचे फलक लावावे लागले. २०१६ साली अंगुलेमच्या सर्वोच्च सन्मानासाठी काढलेल्या ३० नावांत एकही स्त्री नव्हती. चित्रकथेच्या इतिहासातच स्त्रिया थोड्या, हे आयोजकांचे समर्थन. अनेक चित्रकारांनी आपली नावे मागे घेतली, तेव्हा कोठे ती यादी बाजूला पडली. ‘इतिहासात तुम्ही होताच कोठे?’ हा प्रस्थापितांचा युक्तिवाद आपल्याला नवा नाही.

आपलेही मेळे आहेत. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर आणि १४ जानेवारीला औरंगाबादला (आजच्या छत्रपती संभाजीनगरात) विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी. विधिमंडळाचा ठराव २७ जुलै १९७८ चा. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या वर्षांत मराठवाड्यात माणसे मारली गेली, घरे जळाली. म्हणून या दिवशी येथे येणारी स्त्री करमणुकीसाठी येत नाही. ती पुस्तकांच्या आणि तसबिरींच्या दुकानांपुढे थांबते. ज्या घरात पुस्तक नव्हते त्या घरात तसबीर होती. चित्र हेच अनेकींचे पहिले पुस्तक होते. तिला ‘चाहती’ म्हणणे चुकीचे ठरेल. चाहती कौतुक करते, ही तपासणी करते.

प्रस्तुत लेखक अशा ठिकाणी चित्रे मांडून बसतो. पुरुष बहुधा किंमत विचारतात. बाया चित्र हातात घेतात, दूर धरतात, सोबतच्या बाईला दाखवतात. शेजारच्या दुकानातील रमाईची छापील तसबीर पाहून एक आजी म्हणाली, “गवऱ्या थापणाऱ्या बाईचे हात असे राहतेत का, दादा?” तसबिरीतील हात गोरे, मऊ, बांगड्यांनी भरलेले होते. तिच्या या एका वाक्यात एक सौंदर्यशास्त्र आहे. रमाईला देखणी करण्याच्या नादात बाजाराने तिचे श्रम पुसून टाकले, तिला उच्चवर्णीय गृहिणीच्या साच्यात बसवले, हे त्या आजीने क्षणात ओळखले.

ही नजर आली कोठून? डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना जातीची खूण सांगणारी लुगडे नेसण्याची रीत आणि तसले दागिने टाकून देण्यास सांगितले. आपण कशा दिसतो आणि कोणाच्या नियमाने दिसतो, हा प्रश्न तेव्हापासून या स्त्रियांच्या जगण्याचा आहे. मेळ्यातला वेष संध्याकाळी उतरवता येतो. जातीने लादलेला वेष उतरवायला संघर्ष करावा लागला. म्हणून चित्रातील लुगड्याचा काठही त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

स्त्री केवळ चित्रापुढे न राहता चित्रामागेही आली की काय घडते, याचे उदाहरण २०११ साली निघालेली ‘भीमायन’ ही चित्रकथा. बाबासाहेबांच्या जीवनावरील ही चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी काढली. दुर्गाबाई भिंती-अंगणावरची ‘दिगना’ ही रेखाटने लहानपणी आजीकडून शिकल्या. आपली पात्रे चौकटीत कोंडायला या दोघांनी नकार दिला. जिव्हारी लागणाऱ्या बोलण्याला त्यांनी विंचवाची नांगी दिली, मायेच्या बोलण्याला पाखराचा आकार दिला. आजीच्या अंगणातून आलेली रेषा चित्रकथेचे व्याकरण बदलू शकते, याचा हा पुरावा होय.

म्हणून चित्रकाराची बांधिलकी केवळ विषयाच्या निवडीत सिद्ध होत नाही. चित्र छापण्यापूर्वी ते वस्तीतल्या बायांपुढे ठेवले काय, त्यांचे म्हणणे ऐकून रेषा बदलली काय, हे विचारले पाहिजे. शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी आणखी एक करावे. मेळ्याला आलेल्या मुलीच्या हातात तसबिरीबरोबर कागद आणि पेन्सिलही द्यावी. आजीने ओळखलेले ते खरे हात नातीने काढायचे आहेत.