झोपेची गोळी आणि लाल चौकट
अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम यांसारखी निद्राकारक औषधे 1 मार्च 2014 पासून देशभर औषध नियमांच्या ‘अनुसूची एच-1’ मध्ये आली. तेव्हापासून वेष्टनावर लाल चौकटीत इशारा छापणे बंधनकारक झाले, आणि विक्रेत्याने डॉक्टर, रुग्ण व औषधाचे प्रमाण स्वतंत्र नोंदवहीत लिहून ती 3 वर्षे जपावी, असे ठरले.  पुढे मार्च 2020 च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी मनोप्रभावी, म्हणजे मेंदूच्या कार्यावर परिणाम करणारी व अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येणारी औषधे दूरध्वनीवरून लिहून देण्यास मनाई केल्याने, शहरापासून दूर राहणाऱ्या रुग्णावर प्रवासाचा भार पडला.

निर्बंधाने वापर घटतो, हे खरे; पण गरज घटतेच असे नाही. न्यूयॉर्क राज्याने 1989 मध्ये बेंझोडायझेपिन (अल्प्राझोलाम, डायझेपाम यांच्या) गटासाठी तीन प्रतींची चिठ्ठी सक्तीची केली, तेव्हा त्या गोळ्या कमी झाल्या आणि मेप्रोबमेटसारखी जुनी, अधिक धोकादायक औषधे वाढली. नियम आवश्यकच आहे, परंतु पर्यायी उपचारांविना तो अपुरा ठरतो. दीर्घकाळ घेतलेली गोळी एकाएकी थांबवल्यास झटके येऊ शकतात. म्हणून मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी आणि निद्रानाशामागे मानसिक ताण असल्यास टेली-मानस या मानसिक आरोग्य सल्लासेवेच्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर सल्ला घ्यावा.