चित्र मागाहून का येते?

मोबाईलवर एक पान उघडले. अक्षरे लगेच दिसली. बोटाने पान वर सरकवले, तर खाली नुसता करडा चौकोन. जरा वेळाने त्यात चित्र उमटले. आबा म्हणाले, "फोन बिघडला वाटतं!"

नाही आबा, फोन धड आहे. पानच तसे बांधलेले आहे.

हे पान फोनच्या पोटात नसते. ते दूर कुठेतरी एका मोठ्या संगणकात असते. तिथून ते तुकड्यातुकड्यांनी येते. अक्षरे हलकी, चित्रे मात्र भारी जड. पानभर मजकूर एका पारड्यात घाला आणि कॅमेऱ्याने काढलेला एकच फोटो दुसऱ्या पारड्यात. फोटो शेकडो पट जड भरेल!

समजा, पानावर चाळीस चित्रे आहेत. तुम्ही चार पाहिली आणि पान मिटले. मग उरलेली छत्तीस कशाला आणायची? त्यांचा डेटा तुमच्याच रिचार्जातून जाणार.

पंगतीत वाढपी काय करतो? पाने मांडून ठेवतो, पण माणूस बसल्याशिवाय भात वाढत नाही. तसेच इथे. चित्राची जागा आधी राखायची. वाचणारा त्या जागेजवळ आला की चित्र मागवायचे. याला 'लेझी लोडिंग' म्हणतात, म्हणजे आळशी भरणी. नाव काही बरे नाही. हा आळस कसला? ही तर काटकसर!

पूर्वी पान बनवणाऱ्याला ही सोय स्वतः करावी लागे. ब्राउझर म्हणजे पाने दाखवणारा प्रोग्राम. २०१९ साली क्रोम या ब्राउझरने ही सोय स्वतःतच घेतली. पुढे २०२० मध्ये फायरफॉक्सने आणि २०२२ मध्ये सफारीने घेतली. आता पान बनवणाऱ्याने चित्रापाशी एक खूण लिहिली की झाले.

पण कोणी जागा राखायला विसरतो. मग फजिती होते. समजा, वर 'हो' आणि खाली 'नाही' अशी दोन बटणे आहेत. तुम्ही 'नाही'वर बोट नेता. तेवढ्यात वरच्या बाजूला चित्र येते आणि सगळे खाली सरकते. बोट पडते 'हो'वर! पैशाचा व्यवहार असेल तर? म्हणून पान हलायचे थांबेपर्यंत बोट आवरा.

दुसरी गोष्ट शेतकऱ्याची. फवारणीची माहिती घरी उघडली आणि तसेच रानात गेलात. रानात रेंज नाही. अक्षरे दिसतील, पण औषधाचे प्रमाण खालच्या चित्रात असले, तर तिथे कोरा चौकोन! मग अंदाजाने औषध ओतणार का? पीक जळायचे. तेव्हा घरीच पान हळूहळू शेवटपर्यंत सरकवा. सगळी चित्रे आली का ते पाहा. आणि प्रमाण वहीत उतरवून घ्या. आता तुम्हाला लिहिता येतेच की!