गाडीला मागे कोण ओढते? बडोदे-मुंबई प्रवासाचा हिशेब

दिवाळीत किंवा लग्नसराईत आपल्यापैकी बरीच कुटुंबे बडोद्याहून मुंबईला स्वतःच्या गाडीने जातात. अंतर साधारण ४०० किलोमीटर. सरासरी ताशी ८० चा वेग धरला तर ५ तास, १०० चा धरला तर ४. वाचलेल्या या तासाला किती पेट्रोल पडते, ते घरबसल्या काढता येते. शाळेतले विज्ञान आणि गुणाकार पुरेसा आहे.

सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने चाललेल्या गाडीला मुख्यतः दोन गोष्टी मागे ओढतात. पहिली टायर. रस्त्याला टेकलेला टायरचा भाग दबतो, पुढे सरकला की पुन्हा पूर्ववत होतो. पण दबताना गेलेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही, थोडी उष्णतेत जाते. लांबून आलेल्या गाडीचे टायर गरम लागतात ते बरेचसे यामुळेच. डांबरी रस्त्यावर हा रोध वजनाच्या सुमारे १.२ टक्के धरावा. माणसे-सामान धरून गाडी १२०० किलोची असेल तर १४ किलो वजनाएवढा, म्हणजे सुमारे १४० न्यूटन. वेग वाढला तरी हा आकडा फारसा हलत नाही. घरभाड्यासारखा ठरलेला खर्च.

दुसरी हवा, आणि खरी मेख इथे आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. हवेची घनता (१.२), गाडीच्या आकाराचा गुणांक (०.३३) आणि समोरून दिसणारे क्षेत्रफळ (२.१ चौरस मीटर) यांचा गुणाकार करून निम्मा करा, उत्तर सुमारे ०.४२. त्याला वेगाच्या वर्गाने गुणा. वेग मात्र सेकंदाला मीटरमध्ये हवा, म्हणून ताशी किलोमीटरला आधी ३.६ ने भागायचे.

ताशी ६० ला हवेचा रोध येतो सुमारे ११५ न्यूटन, टायरपेक्षा कमी. ८० ला २०५. १०० ला ३२०! टायरचे १४० मिळवले की एकूण ८० ला ३४५ आणि १०० ला ४६०. वेग पाव पटीने वाढला, ओढ एक तृतीयांशाने.

फरक ११५ न्यूटनचा. त्याला ४ लाख मीटरने गुणले की ४ कोटी ६० लाख ज्यूल. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ३ कोटी २० लाख ज्यूल असतात. इंजिन त्यातले पाव चाकांपर्यंत पोचवते असे धरू, म्हणजे ८० लाख. भागाकार केला की साडेपाच ते सहा लिटर, एका फेरीत! (जास्त भाराखाली इंजिन थोडे बरे चालते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा काहीसा कमी भरेल.) कोणाला तासभर महत्त्वाचा असेलही, मला तरी हा सौदा महाग वाटतो. टपावर सामान बांधले तर तो आणखी महाग.

टायरचा आकडा आपल्याच गाडीवर पडताळता येतो. सपाट, रिकामा रस्ता हवा, महामार्ग नको. ताशी ३० च्या थोडे वर जाऊन गिअर न्यूट्रल करा, इंजिन मात्र चालूच ठेवा, नाहीतर ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात. ३० वरून २० वर यायला किती सेकंद लागतात ते शेजारी बसलेल्याने मोजावे. चढ-उताराचा आणि वाऱ्याचा परिणाम जावा म्हणून दोन्ही दिशांनी मोजून सरासरी काढा. वरच्या गाडीला साधारण २० सेकंद लागतील. तुमचे १३-१४ सेकंदच आले, तर आधी टायरमधली हवा तपासा, आणि ती ठीक असेल तर एखादा ब्रेक चाकाला घासत नाही ना, हे मेकॅनिककडून बघून घ्या.