खिशातले गाणे

तुमचे आजोबा तरुण होते तेव्हा गाणे ऐकायचे म्हणजे बहुतेक घरांत रेडिओच असे. कोणते गाणे लागणार हे रेडिओ केंद्र ठरवी, आणि ते साऱ्या घराला एकदमच ऐकू येई.

१९७९ साली जपानमधील सोनी कंपनीने वॉकमन हे छोटे यंत्र बाजारात आणले. त्यात कॅसेट घालायची, हेडफोन कानाला लावायचा आणि खुशाल चालू लागायचे. गंमत अशी, की पहिल्या वॉकमनला दोन हेडफोन जोडण्याची सोय होती. एकट्यानेच गाणे ऐकणे लोकांना असभ्य वाटेल, अशी भीती कंपनीच्या प्रमुखांना वाटली होती. लोकांना तर एकट्यानेच ऐकायचे होते!

कॅसेटमधली फीत झिजते. एका फितीवरून दुसरीवर गाणे उतरवले तर आवाज थोडा बिघडतो. पुढे गाणे अंकांच्या रूपात साठवता येऊ लागले, पण त्याला जागा फार लागे. सीडीवरील एका मिनिटाच्या संगीताला सुमारे १० मेगाबाइट! जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या व इतर संशोधकांनी यावर उपाय शोधला. ढोल वाजत असताना शेजारची कुजबुज आपल्याला ऐकू येते का? नाही. मग ती साठवायची कशाला? कानाला न कळणारे असे बारीक आवाज गाळले, की गाणे सुमारे एक दशांश जागेत मावते. यालाच एमपीथ्री म्हणतात.

आता गाणे टेलिफोनच्या तारेतून पाठवता येऊ लागले. १९९९ साली शॉन फॅनिंग या अमेरिकन तरुणाने 'नॅपस्टर' सुरू केले. तेव्हा तो अवघा अठरा वर्षांचा होता. नॅपस्टरजवळ गाणी नव्हतीच. कोणाच्या संगणकात कोणते गाणे आहे, याची फक्त यादी होती. यादी पाहून एकाने दुसऱ्याच्या संगणकातून गाणे उतरवून घ्यायचे. पुस्तक मित्राला दिले तर आपल्याजवळ उरत नाही. इथे मात्र गाणे दोघांकडेही राही.

पण मग गायकाला, वादकाला, गीतकाराला काय मिळणार? २००० साली मेटॅलिका या वाद्यवृंदाने नॅपस्टरवर खटला भरला. ध्वनिमुद्रण कंपन्या आधीच न्यायालयात गेल्या होत्या. २००१ साली नॅपस्टरची ही सेवा बंद पडली. लोकांची सवय मात्र गेली नाही. त्याच वर्षी ॲपल कंपनीचा आयपॉड आला. त्यात एक हजार गाणी मावत. २००३ पासून ही कंपनी अमेरिकेत एकेक गाणे ९९ सेंटला विकू लागली. एका आवडत्या गाण्यासाठी सबंध सीडी घेण्याची गरज उरली नाही. आपल्याकडे मोबाइलच्या दुकानात थोडे पैसे देऊन मेमरी कार्डात शेकडो गाणी भरून मिळत. त्यातला पैसा कलावंतापर्यंत बहुधा पोहोचत नसे.

आज पुष्कळ लोक गाणे जवळ ठेवतच नाहीत. इंटरनेटवरून हवे तेव्हा ऐकतात. कुणी त्यासाठी वर्गणी भरतो, कुणी मध्ये जाहिराती ऐकतो. एकदा गाणे ऐकले गेले, तर त्यामागे अगदी थोडी रक्कम मिळते. तिच्यातला कलावंताचा वाटा किती असावा, हा वाद अजून मिटलेला नाही.