कुर्डूचा तुरा आणि सॉफ्ट फोकस

बुलढाणा जिल्ह्यात पावसाळा सरता सरता शेतांच्या बांधांवर आणि माळांवर कुर्डूचे रुपेरी-गुलाबी तुरे उभे राहतात, आणि त्यांच्या छायाचित्रांवर सॉफ्ट फोकस हा संपादन-परिणाम, म्हणजे मूळ रेषा स्पष्ट राखून तिच्याभोवती प्रकाशाचे तलम वलय पसरवण्याची युक्ती, विशेष शोभतो. हा परिणाम म्हणजे फोकस चुकणे नव्हे. चुकलेल्या छायाचित्रात तपशील मुळातच उमटत नाही, येथे मात्र तो धूसरपणाखाली शाबूत असतो. कॅनडाचे छायाचित्रकार मायकल ऑर्टन यांनी १९८० च्या दशकात एकाच दृश्याच्या दोन पारदर्शिका, एक रेखीव व एक धूसर, एकमेकींवर ठेवून हे साधले, आणि आजच्या संगणकीय पद्धतीत छायाचित्राची प्रत वरच्या थरावर घेऊन, तिला ‘गॉशियन ब्लर’ देऊन, ‘स्क्रीन’ किंवा ‘सॉफ्ट लाइट’ या मिश्रणपद्धतीने ती मूळ चित्रात मिसळली जाते आणि तिची अपारदर्शकता बरीच खाली आणली जाते.

तरोट्याच्या पिवळ्या फुलांवर हा थर जपून वापरावा लागतो, कारण पिवळा रंग आधीच उजळ असल्याने पाकळ्यांवरील शिरा चटकन पुसल्या जातात. कळलावीच्या बाबतीत तर मोह आवरलेलाच बरा: तिच्या लाल-पिवळ्या पाकळ्यांच्या नागमोडी कडा आणि बाहेर झेपावणारे पुंकेसर हीच तिची ओळख असल्यामुळे तेवढा भाग ‘मास्क’ने, म्हणजे परिणाम रोखणाऱ्या आवरणाने, झाकून केवळ पार्श्वभूमी मऊ करणे इष्ट ठरते. वनस्पतीची नोंद करायची असल्यास असंपादित मूळ प्रतच जोडावी.