रग्बीसाठी पुन्हा त्याच वर्गात

आपल्याकडे मुलगा पुन्हा त्याच वर्गात बसला, की तो नापास झाला असंच लोक धरून चालतात. आयर्लंडमध्ये मात्र काही मुलं पास होऊनही शाळेचं शेवटचं वर्ष पुन्हा करतात. बहुतेकांना ‘लीव्हिंग सर्टिफिकेट’ या शालान्त परीक्षेतले गुण वाढवायचे असतात. काहींचा डोळा रग्बीवर असल्याचंही दिसलं आहे. डब्लिन परिसरातल्या शाळांमध्ये १८८७पासून चालत आलेल्या लेन्स्टर स्कूल्स सीनियर कप या रग्बी स्पर्धेचा मान फार मोठा आहे.

स्पर्धेला वयाची अट असते. त्या अटीत बसून कोणी वर्ष पुन्हा केलं, तर बिघडलं कुठे?

उत्तर रग्बीतल्या ‘स्क्रम’मध्ये सापडतं. दोन्ही बाजूंचे आठ-आठ खेळाडू वाकून, एकमेकांत गुंतून रेटा देतात. पुढच्या फळीतल्या पोरांची डोकी समोरच्यांच्या खांद्यांत अडकलेली असतात. मानेवर मोठा भार येतो. म्हणूनच १९ वर्षांखालच्या सामन्यांत स्क्रम दीड मीटरपेक्षा जास्त रेटता येत नाही. या वयात एका वर्षाने अंगात किती ताकद भरते, ते कुठल्याही आईबापांना विचारा. शिवाय संघात पंधराच जागा. जुना खेळाडू आणखी एक वर्ष थांबला, की खालच्या वर्गातला एक जण बाहेर बसतो.

मुलाला खरोखर अभ्यासासाठी वर्ष हवं असेल, तर त्याला खेळायला बंदी करणं अन्यायाचं होईल. पण करंडकासाठी प्रशिक्षकाने किंवा शाळेने गळ घातली असेल, तर ते चूकच. मुलाच्या आयुष्यातलं वर्ष शाळेच्या मालकीचं नसतं.